मांडवामागच्या वाटाघाटी : साहित्य संमेलन चालतं तरी कसं?

संमेलनाची निमंत्रणपत्रिका नीट वाचली, तर अर्धं संमेलन तिथेच कळतं. कुणाचं नाव मोठ्या टायपात, कुणाचं बारीक. ‘प्रमुख उपस्थिती’ आणि ‘विशेष उपस्थिती’ अशा दोन वेगळ्या ओळी. एक संस्था ‘निमंत्रक’, दुसरी ‘आयोजक’ आणि तिसरी नुसतीच ‘सहकार्य’. पत्रिका छापखान्यात जायला उशीर होतो तो मजकुरामुळे नाही, नावांच्या क्रमामुळे होतो. त्या क्रमामागे बैठका असतात, रात्री उशिराचे फोन असतात आणि एखाद्याचं आठवडाभर टिकलेलं रुसणंही असतं.

वाचकाला दिसतात ते तीन दिवस. त्यामागे पाच-सहा महिने काम चालतं आणि ते करणाऱ्यांच्या अपेक्षा एकमेकांशी जुळत नाहीत. संमेलन भरवणाऱ्या साहित्य महामंडळाला परंपरा आणि आपली घटना सांभाळायची असते. यजमानाला गावाचं नाव व्हायला हवं असतं. सरकारला आपण मराठीसाठी काहीतरी करतो हे दाखवायचं असतं. प्रकाशकाला पुस्तकं विकायची असतात, कवीला माईक हवा असतो आणि रसिकाला जेवण वेळेवर मिळालं तर बरं वाटतं. सहकार्य म्हणजे सगळ्यांचं एकमत, असं आपण धरून चालतो. माझ्या मते संमेलन एकमतावर चालत नाहीच. कोणत्या बाबतीत कुणाचा शब्द शेवटचा, हे आधी ठरलेलं असलं की ते चालतं. ते ठरलेलं नसलं, तर वाद उद्घाटनाच्या आदल्या रात्री होतो.

कागदावरचे घटक

अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाची सुरुवात 1878 मध्ये पुण्यात झाली. न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादी यांच्या पुढाकाराने ग्रंथकार एकत्र आले. आजचं संमेलन भरवणारं महामंडळ मात्र 1961 चं. त्याच्या चार प्रमुख घटक संस्था आहेत : पुण्याची महाराष्ट्र साहित्य परिषद, नागपूरचा विदर्भ साहित्य संघ, मुंबई मराठी साहित्य संघ आणि आपली मराठवाडा साहित्य परिषद, म्हणजे मसाप. पुण्याची परिषदही मसापच. पण जालना-परभणीकडे कुणी ‘मसाप’ म्हणालं, तर डोळ्यासमोर येतं ते मराठवाड्याच्या परिषदेचं छत्रपती संभाजीनगरचं नांदापूरकर सभागृह. याशिवाय महाराष्ट्राबाहेरच्या मराठी संस्थाही महामंडळात आहेत.

महामंडळाचं कार्यालय दर तीन वर्षांनी या चार संस्थांमध्ये फिरतं. याचा परिणाम वरवर दिसतो त्याहून मोठा असतो. 2019 ते 2022 या काळात ते मराठवाड्याकडे होतं. त्या तीन वर्षांत तीन संमेलनं झाली : जानेवारी 2020 मध्ये उस्मानाबादला (आता धाराशिव), डिसेंबर 2021 मध्ये नाशिकला आणि एप्रिल 2022 मध्ये उदगीरला. तीनपैकी दोन मराठवाड्यात. त्याआधीचं मराठवाड्यातलं संमेलन 2004 चं, औरंगाबादचं. म्हणजे मधली सोळा वर्षं हा भाग कोरडाच होता. यात कुणी पक्षपात पाहील, कुणी अनुशेष भरून निघाला म्हणेल. मला दुसरं म्हणणं पटतं, पण पहिलं म्हणणाऱ्यांचा प्रश्नही गैरलागू नाही. कार्यालय फिरतं ठेवण्याचा हेतूच मुळी हा होता, की निर्णयाची जागा एका शहरात गोठू नये.

गाव कसं ठरतं? इच्छुक संस्था महामंडळाला निमंत्रण देतात. मग स्थळ निवड समिती गावोगाव जाऊन पाहणी करते. मैदान केवढं, गाड्या कुठे लागतील, रेल्वे स्टेशन किती लांब, मुक्कामाची सोय काय आणि शेवटी तो महत्त्वाचा, पण हळू आवाजात विचारायचा प्रश्न : मागे उभं राहणारं कोण आहे? ‘मागे’ म्हणजे आमदार, साखर कारखाना, शिक्षण संस्था किंवा सहकारी बँक. समितीचे सदस्य साहित्यिक असतात, पण त्या दिवशी त्यांना ताळेबंद वाचता यावा लागतो.

मराठवाड्यातला खरा यजमान : महाविद्यालय

पुण्या-मुंबईत नाट्यगृह भाड्याने घेता येतं, हॉटेलं मोजावी लागत नाहीत. आपल्याकडे तालुक्याच्या गावात शंभर पाहुण्यांची सोय करायची म्हटली, तरी लॉज कमी पडतात. म्हणून इथे संमेलनाचा कणा असतो शिक्षण संस्था. उदगीरचं संमेलन महाराष्ट्र उदयगिरी महाविद्यालयाच्या परिसरात झालं, ते उगीच नाही. मैदान महाविद्यालयाचं, खोल्या वसतिगृहाच्या, बस संस्थेची, स्वयंसेवक राष्ट्रीय सेवा योजनेचे आणि सूत्रसंचालक मराठी विभागाचे. उरलेले पाहुणे मंगल कार्यालयात, शासकीय विश्रामगृहात आणि गावातल्या घरांत.

याची एक किंमत असते आणि ती फारशी बोलली जात नाही. प्राचार्यांना परीक्षेचं वेळापत्रक सांभाळून मैदान द्यावं लागतं. संस्थाचालकाला वाटतं, एवढं सगळं आपलं, तर स्वागताध्यक्षपद आपल्याकडे यावं यात गैर काय? आणि मराठीचे प्राध्यापक दोन भूमिकांत अडकतात. एकीकडे ते संस्थेचे नोकर, दुसरीकडे परिषदेचे कार्यकर्ते. परिसंवादाला कुणाला बोलवायचं, हे ते परिषदेच्या बैठकीत ठरवून येतात आणि दुसऱ्या दिवशी संस्थेच्या कार्यालयात त्यातली दोन नावं बदललेली असतात. यावर एकच इलाज चालताना दिसतो : कार्यक्रमपत्रिका समिती वेगळी, व्यवस्था समिती वेगळी आणि पहिलीच्या यादीला दुसरीने हात लावायचा नाही. अखिल भारतीय संमेलनात हे बरंचसं नियमानेच होतं. वक्ते आणि विषय यांत महामंडळाचा शब्द चालतो, मांडव आणि जेवण यजमानाचं. विभागीय आणि तालुका संमेलनांत मात्र ही भिंत नसते, ती दरवेळी नव्याने बांधावी लागते.

हवामान हाही एक घटक धरायला हवा. जानेवारीत मराठवाड्यात मांडवात बसणं सुखाचं, शेतात ज्वारी हुरड्यावर आलेली. उदगीरचं संमेलन कोविडमुळे लांबलेल्या वेळापत्रकात 22 ते 24 एप्रिलला झालं. एप्रिलमधल्या दुपारी कूलर, पाण्याचे टँकर आणि रुग्णवाहिका हे शोभेचे विषय राहत नाहीत. तिथे नगरपालिका आणि आरोग्य विभाग हे साहित्य परिषदेइतकेच महत्त्वाचे ठरतात. उदगीरच्या ज्या लातूर जिल्ह्याला 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथे तीन दिवस हजारो माणसांना पाणी पाजायचं नियोजन करणाऱ्या अभियंत्याचं नाव पत्रिकेत असायला हरकत नसावी.

पैसा कुठून येतो आणि काय मागतो

मोठ्या संमेलनाला राज्य सरकारचं अनुदान असतं. उरलेला भाग यजमान जमवतो : देणग्या, स्मरणिकेतल्या जाहिराती, प्रतिनिधी शुल्क, पुस्तकांच्या गाळ्यांचं भाडं. अनेक ठिकाणी शिक्षकांकडून किंवा सहकारी संस्थेच्या कर्मचाऱ्यांकडून वर्गणी येते. ही वर्गणी स्वेच्छेची की पगारातून कापलेली, यावर गावागावात कुजबुज असते. ती ऐकावी. ज्याच्या खिशातून न विचारता पैसा गेला, तो माणूस संमेलनाचा रसिक होत नाही.

प्रत्येक पैशाला एक अट चिकटलेली असते आणि ती आधी ओळखणं हे कोषाध्यक्षाचं काम. अनुदान मंजूर झाल्याची बातमी आणि ते खात्यावर जमा होणं यात अंतर असतं. तोवर मांडववाला आणि आचारी थांबत नाहीत, म्हणून हातात दुसरा निधी लागतो. अनुदान मिळालं, की खर्च त्याच कामावर झाल्याचं उपयोगिता प्रमाणपत्र आणि लेखापरीक्षण द्यावं लागतं. देणगीदाराला प्राप्तिकरात देणगीवरची सवलत हवी असेल, तर पावती देणाऱ्या संस्थेकडे तशी मान्यता असावी लागते आणि दोन हजारांवरची रक्कम रोखीने दिली असेल, तर त्यावर सवलत मिळत नाही. नोंदणी नसलेली स्वागत समिती उत्साहात पावतीपुस्तकं छापते. तिने वर्गणी गोळा करण्याआधी धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्यायला हवी. सोपा मार्ग म्हणजे सगळा पैसा नोंदणीकृत यजमान संस्थेच्या स्वतंत्र खात्यावर घ्यायचा आणि सह्यांचे अधिकार दोघांना द्यायचे, त्यातला एक परिषदेचा.

उद्योजक किंवा बँक यांची अट बहुधा एका फलकावर भागते. राजकीय नेत्याची अट व्यासपीठावर असते. म्हणून पुढचा भाग जरा सविस्तर.

व्यासपीठावर कोण?

हा वाद जुना आहे. 1975 च्या कराड संमेलनात अध्यक्ष होत्या दुर्गा भागवत आणि काळ आणीबाणीचा. राजकारणी व्यासपीठावर नकोत, असा आग्रह होता आणि यशवंतराव चव्हाणांसारखा केंद्रीय मंत्री, तोही स्वतःच्याच गावात, श्रोत्यांत बसला. हा प्रसंग दरवर्षी कुणीतरी सांगतो, बहुतेक वेळा मंत्र्यांनी भरलेल्या व्यासपीठावरूनच.

मला हा प्रश्न नैतिक कमी आणि व्यवस्थेचा जास्त वाटतो. राजकारणी नको म्हणणाऱ्याने अनुदान, मैदान आणि पोलीस बंदोबस्त कुठून आणायचा हेही सांगायला हवं. आणि हवा म्हणणाऱ्याने हे, की त्याचं भाषण किती मिनिटांचं. राजकारण्याच्या असण्याने साहित्याचं नुकसान होत नाही, उद्घाटनाच्या लांबण्याने होतं. उद्घाटन दोन तास लांबलं, की दुपारचा पहिला परिसंवाद जेवणाच्या वेळेत जातो, दुसरा रिकाम्या खुर्च्यांपुढे होतो आणि रात्रीचं कविसंमेलन अकराच्या पुढे ढकललं जातं. इथे कायदा आड येतो. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही; सांस्कृतिक आणि सणांच्या प्रसंगांसाठी राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं. संमेलनाचे दिवस त्या सवलतीत बसतात का, हे महिनाभर आधी विचारायचं असतं. नाहीतर साडेदहाला पोलीस निरीक्षक नम्रपणे मांडवामागे येऊन उभे राहतात आणि अजून तीस कवी वाट पाहत असतात. सकाळी मंत्र्यांनी घेतलेला वेळ रात्री हिंगोलीच्या किंवा गंगाखेडच्या नवख्या कवीच्या खात्यातून वळता होतो. त्याच्याकडे कुणी दिलगिरीही व्यक्त करत नाही.

दुसरा प्रश्न, कुणाला बोलवायचं आणि बोलावलेल्याला कोण नाकारू शकतं. 2019 च्या यवतमाळ संमेलनाच्या उद्घाटक म्हणून इंग्रजी लेखिका नयनतारा सहगल यांना निमंत्रण गेलं आणि विरोधाच्या धास्तीने ते मागे घेण्यात आलं. अनेक निमंत्रित लेखकांनी त्यानंतर येण्यास नकार दिला, महामंडळाचे अध्यक्ष श्रीपाद जोशी यांनी राजीनामा दिला. शेवटी उद्घाटन केलं वैशाली येडे या शेतकरी विधवेने. सहकार्य कुठे मोडतं, याचं हे चांगलं उदाहरण. निमंत्रण एकाने द्यायचं, सुरक्षेची जबाबदारी दुसऱ्याची आणि धमकी आली तर निर्णय कुणाचा, हे कुठेच लिहिलेलं नसतं. अशा वेळी ज्याच्या हातात मैदान, तो निर्णय घेतो. त्याला साहित्याची चाड नसते असं नाही, त्याला मांडव जळण्याची भीती जास्त असते.

कधी कधी घटकांच्या यादीत नसलेला घटकच सगळ्यात मोठा ठरतो. 2009 च्या महाबळेश्वर संमेलनाआधी तुकारामांवरच्या कादंबरीवरून वारकऱ्यांचा विरोध झाला, निवडून आलेले अध्यक्ष आणि त्या कादंबरीचे लेखक आनंद यादव यांना पायउतार व्हावं लागलं आणि संमेलन अध्यक्षाविना पार पडलं. वारकरी कुठल्याच समितीत नव्हते. ज्यांना आपण बैठकीला बोलावलं नाही, त्यांची बाजूही कधीतरी बैठकीत येऊन बसते.

अध्यक्षाची निवड हाही पूर्वी भांडणाचा विषय. मतदार मर्यादित, मतपत्रिका टपालाने, प्रचाराच्या गाड्या जिल्ह्याजिल्ह्यात. निवडणुकीच्या भीतीने अनेक ज्येष्ठ लेखक उभेच राहत नसत. घटनादुरुस्तीनंतर घटक संस्था नावं सुचवतात आणि महामंडळ त्यातून निवड करतं. या पद्धतीने झालेल्या पहिल्या अध्यक्ष अरुणा ढेरे. वाद कमी झाले हे खरं. बंद दाराआड किती नावं गळाली हे आता कळत नाही, हेही खरं.

गाळेवाले

प्रकाशक आणि विक्रेते यांचं गणित साधं असतं. गाळ्याचं भाडं, गाडीभाडं, दोन माणसांचा मुक्काम. हे वजा जाऊन काही उरलं पाहिजे. त्यांना भाषणाशी देणंघेणं नसतं, रस्त्याशी असतं. मुख्य मांडवातून भोजनाकडे जाणारी वाट गाळ्यांमधून गेली तर विक्री होते. गाळे मैदानाच्या पलीकडच्या कोपऱ्यात, शौचालयांच्या बाजूला टाकले, तर तीन दिवस धूळ झटकत बसावं लागतं. हा नकाशा मांडववाला काढतो आणि त्या बैठकीला प्रकाशकांचा प्रतिनिधी क्वचितच असतो. एक माणूस बोलावला तर खर्च शून्य, फायदा उघड.

तारखेचाही संबंध आहे. आपल्याकडे मोठा ग्राहक म्हणजे शिक्षक आणि ग्रंथालय. शिक्षक पगार झाल्यावर घेतो. अ, ब, क, ड वर्गातली सार्वजनिक ग्रंथालयं अनुदान हाती आल्यावर घेतात आणि मार्चअखेर घाई करतात. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात संमेलन ठेवलं, की लोक पुस्तक उलटून किंमत बघतात आणि परत ठेवतात.

दुसऱ्या मांडवातलं सहकार्य

हे सगळं वाचून वाटेल, की संमेलन म्हणजे सरकार, संस्था आणि कारखान्यांचीच गोष्ट. मराठवाड्याने दुसरी पद्धतही पाहिली आहे. गंगाधर पानतावणे यांच्या ‘अस्मितादर्श’ या दलित साहित्याच्या नियतकालिकाने औरंगाबादहून लेखक-वाचक मेळाव्यांची परंपरा उभी केली, तिथे पाहुणा आणि यजमान हा भेद फारसा नव्हता, लेखक आपल्या खर्चाने येई आणि मिळेल तिथे झोपे. 1999 मध्ये धारावीत सुरू झालेलं विद्रोही साहित्य संमेलन ‘एक मूठ धान्य, एक रुपया’ मागत घरोघर फिरतं. 2022 मध्ये उदगीरला एकाच गावात, त्याच दिवसांत अखिल भारतीय आणि विद्रोही असे दोन्ही मांडव उभे होते.

लोकवर्गणीचं संमेलन जास्त शुद्ध असतं, असं मी म्हणणार नाही. तिथेही गट असतात, माईकसाठी रांग असते. फरक उत्तरदायित्वाचा आहे. पैसा सरकारचा असेल तर आयोजक सरकारला कागद देतो. पैसा मुठीमुठीने आला असेल, तर मूठ देणारी बाई मांडवात पहिल्या रांगेत येऊन बसते आणि तिला न कळणारं भाषण सुरू झालं की उठून जाते. हा हिशेब लेखापरीक्षकापेक्षा कडक.

लग्नघरात निदान दोनच बाजू असतात आणि मुलगा-मुलगी कोण हे सगळ्यांना माहीत असतं. संमेलनात बाजू सात-आठ आणि लग्न कुणाचं, यावरच मतभेद. मग रसिक नावाचा वऱ्हाडी ज्याच्या बाजूने जास्त येतो, तोच शेवटी वरचढ ठरतो.

तीन दिवसांनंतर

समारोपाच्या खुल्या अधिवेशनात ठराव होतात. बरेचसे सरकारला उद्देशून असतात आणि ते ऐकायला सरकार बहुधा व्यासपीठावरच बसलेलं असतं. लोक हसतात, पण सगळेच ठराव वाया जात नाहीत. मराठीला अभिजात दर्जा द्या, ही मागणी संमेलनांतून वर्षानुवर्षं होत राहिली; तो दर्जा 3 ऑक्टोबर 2024 रोजी मिळाला. त्यात इतर प्रयत्नांचा वाटा मोठा, तरी मागणी जिवंत ठेवण्याचं काम संमेलनांनीही केलं.

सगळ्यात कमी लक्ष जातं ते अनुभव पुढे देण्याकडे. यजमान दरवर्षी नवा असतो. महामंडळाचं कार्यालयही दर तीन वर्षांनी हलतं. म्हणजे काम करणारे आणि लक्षात ठेवणारे, दोघंही बदलत राहतात. दर गाव पहिल्यापासून शिकतं, की ग्रंथदिंडीच्या मार्गावरच्या विजेच्या तारा किती उंचीवर असाव्यात, मानधनाचे धनादेश आधी लिहून ठेवावेत, आणि तिसऱ्या दिवशी जेवणारांची संख्या निम्म्यावर येते. धाराशिवच्या माणसांनी हे जानेवारी 2020 मध्ये अनुभवलं असेल, तर उदगीरच्या माणसांना ते लेखी मिळायला हवं होतं.

अशी फाईल करायला फार काही लागत नाही. गाळे किती मागितले गेले आणि किती भरले, रोजची ताटं किती, टँकर किती, कोणती परवानगी कोणत्या कार्यालयातून किती दिवसांत आली, कुठला कार्यक्रम किती मिनिटं उशिरा सुरू झाला, अनुदानाचा हप्ता कधी जमा झाला, कोणता वाद कुणी कसा मिटवला. हिशेब मंजूर होतो त्याच बैठकीत ही वीस-पंचवीस पानं मांडायची, एक प्रत घटक संस्थेच्या कार्यालयात ठेवायची आणि दुसरी पुढच्या गावच्या कार्यवाहाच्या हातात द्यायची, त्याने मांडववाल्याशी बोलणी सुरू करण्याआधी.